कासऱ्याचा भागाकार

तुमच्याकडे दोन वर्षं शिकूनही जिला एक गणित जमलं नाही, ती मुलगी दोन महिने दुसऱ्या शाळेत बसून तेच गणित शिकून आली, तर तुम्हाला आनंद होईल का? घाईनं हो म्हणू नका. मीही म्हणाले असते. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी फळ्यावरचं तिचं उत्तर तीनदा तपासलं, कुठंतरी चूक निघावी म्हणून.

मुलीचं नाव पल्लवी, वर्ग तेव्हा सहावी. आमची जिल्हा परिषदेची शाळा न्हावऱ्याच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात आहे. तिथं मी नऊ वर्षं शिकवते. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण निवृत्त असतात, हातात वेळ असतो आणि भांडायला कुणी उरलेलं नसतं. माझी पंचवीस वर्षं अजून बाकी आहेत. पण ही हकीकत तोवर थांबू शकत नाही, कारण ज्यांचं नुकसान मी केलं ते शेलार गुरुजी येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांचं जे त्यांना परत द्यायचं, ते त्याआधी द्यायला हवं.

ज्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर तुटला, त्यांच्यासाठी आधी थोडं धंद्याचं सांगते. दशांश अपूर्णांकांच्या भागाकारात मुलं दोन जागी पडतात. पहिली जागा शून्याची. ८.२४ ला ८ नं भागा. आठ एके आठ, एक आला. मग खाली दोन उतरतो. दोनात आठ जात नाहीत. मूल म्हणतं, जात नाहीत तर जाऊ दे, चार पण उतरवून घेऊ, चोवीस झाले, आठ त्रिक चोवीस. उत्तर लिहितं १.३. खरं उत्तर १.०३. मधलं शून्य गळालं. दुसरी जागा दशांश चिन्ह सरकवायची. ७.२ ला ०.४ नं भागायचं असेल तर दोन्हीकडं दहापट करून ७२ भागिले ४ करतो आपण. मुलं भाजकाचं, म्हणजे ०.४ चं, चिन्ह काढून टाकतात आणि भाज्याचं तसंच ठेवतात. काही जण उलट करतात. आणि उत्तर १८ आलं तर रडवेली होतात, कारण भागल्यावर संख्या लहान होते असं आपणच त्यांना चौथीपर्यंत शिकवलेलं असतं.

हे फळ्यावर समजावता येतं. दहा वेळा समजावता येतं. अकराव्या वेळी निम्मा वर्ग खिडकीतून ट्रॉल्या मोजत असतो. म्हणून खेळ लागतात.

मी खेळ तयार केले होते. त्यांचा मला अभिमानही होता. माझे वडील रांजणगावला कारखान्यात होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाचायला मी त्यांवरच शिकले, त्यामुळं आजही माझं साधं बोलणं उद्गारचिन्हाकडे ओढ घेतं. वर्गात स्पर्धा नको हे माझं तत्त्व. पहिला नंबर, शेवटचा नंबर, बक्षीस, टाळ्या, सगळं बंद. माझ्या खेळाचं नाव होतं 'समान वाटा'. प्रत्येक गटाला कार्डं द्यायची: साडेसात लिटर दूध, सहा घरं, प्रत्येक घराला किती? सगळ्यांनी मिळून सोडवायचं, सगळ्यांनी मिळून संपवायचं. मी त्याचं एक पत्रकसुद्धा छापलं होतं. वर ठळक अक्षरांत: 'विद्यार्थी मित्रांनो! भाज्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे!'

खेळ संपला की मुलं विचारायची, "मॅडम, जिंकलं कोण?"

"कुणीच नाही. किंवा सगळेच."

"मंग खेळलो कशाला?"

हा प्रश्न विचारणारी पल्लवीच होती. ती विचारते तेव्हा मान तिरकी करते आणि तुमच्या तोंडाकडं नाही, गळ्याकडं बघते, तिथं काही अडकलंय का हे पाहत असल्यासारखी. हुशार मुलगी. अक्षर मोत्यासारखं. आणि पाचवीपासून शून्य गाळणारी.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिची आई बाळंतपणाला माहेरी गेली, खुटबावकडं. पल्लवीलाही नेलं. दोन महिने ती मामाच्या वस्तीवरच्या शाळेत बसली. परत आली त्या आठवड्यात मी फळ्यावर तेच जुनं ८.२४ भागिले ८ लिहिलं आणि सवयीनं तिला उठवलं. खरं सांगायचं तर ती चुकेल आणि मग मला पुन्हा समजावता येईल म्हणून उठवलं. तिनं एक लिहिला, चिन्ह दिलं, शून्य लिहिलं, तीन लिहिला, आणि खडू खाली ठेवला.

"शून्य कुठून आणलंस?"

"आणलं न्हाई मॅडम. दोनात आठ जात न्हाईत. पण त्या घरात कुणीतरी उभं र्‍हायला पायजे ना."

"हे कुणी सांगितलं?"

"शेलार गुरुजींनी. मामाच्या शाळेतल्या." मग डोळे मोठे करून, "लय भारी शिकवत्यात मॅडम! आम्ही कासरा धरून भागाकार करायचो."

वर्ग हसला. मी नाही हसले. मधल्या सुट्टीत मी हजेरी काढून बघितली. गेल्या दोन वर्षांत शून्याचा पाठ घेतला त्या दिवसांत ही मुलगी गैरहजर असली पाहिजे, असं मला वाटत होतं. एकही खाडा नव्हता. सगळ्या पाठांना ती माझ्यासमोर बसलेली होती.

पुढच्या पंधरा दिवसांत शेलार गुरुजींचं नाव मी इतक्यांदा ऐकलं की ते ऐकल्यावर माझ्या हातातला खडू मोडायला लागला. गुरुजी असं करतात, गुरुजी तसं म्हणतात. मला खात्री होती की हा माणूस मुलांना युक्त्या पाठ करायला लावत असणार. कारण माहीत नसताना उत्तर बरोबर येणं म्हणजे शिक्षण नाही, असं मी मनातल्या मनात एक अख्खं पत्रक लिहून काढलं. शेवटी एक किरकोळ रजा टाकली आणि स्कूटर काढली. न्हावऱ्याहून चौफुल्याकडं जाणारा रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो आणि तिथं शिरूर तालुका संपून दौंड सुरू होतो. त्या पुलावर मी काय ठरवलं होतं ते लपवत नाही. त्यांच्या खेळातली चूक शोधायची, आणि परत येऊन पल्लवीला दाखवायची.

गुरुजी व्हरांड्यात उभे होते. अठ्ठावन्नाला आलेला माणूस, उन्हानं रापलेला, सुतार पेन्सिल ठेवतो तसा कानावर खडू. मी माझ्या शाळेचं नाव सांगितलं.

"पल्लीच्या मॅडम का? या, या. पोरगी तुमचं लय नाव काढायची. अक्षर बघितलं तवाच म्हणलं, कुणीतरी जीव लावून घटवलंय."

मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हणाले, "खेळ बघायला आले होते."

"खेळ कसला? पोरं हुंदडत्यात जरा. बघा की."

आता खेळ सांगते, नीट लक्ष द्या. व्हरांड्याच्या फरश्या म्हणजे घरं. मधोमध दोन फरश्यांच्या फटीवर एक वीट ठेवलेली. ती दशांश चिन्ह. विटेच्या डावीकडं एकक, दशक, शतक. उजवीकडं दशांश, शतांश. वीट कुणी हलवायची नाही. आपण सगळे फळ्यावर चिन्ह सरकवतो, त्यांच्याकडं चिन्ह जागचं हलतच नाही, आकडे हलतात. गळ्यात आकड्यांच्या पाट्या अडकवलेली मुलं दोन रांगांत उभी राहतात. पुढची रांग भाजकाची, मागची भाज्याची. आणि दोन्ही रांगांच्या हातात एकच कासरा, बैलाला बांधतात तो, पुढून मागं फिरवून ताणून धरलेला.

गुरुजी ओरडले, "सात पूर्णांक दोन, भागिले शून्य पूर्णांक चार! भाजक पूर्ण झाल्याबिगर गाडी न्हाई निघायची!"

पुढच्या रांगेतला चार दशांशाच्या घरात होता. तो विटेवरून उडी मारून एककात आला. कासरा ताणला गेला आणि मागच्या रांगेतले सात आणि दोन आपोआप एकेक घर ओढले गेले. सात दशकात, दोन एककात. बहात्तर भागिले चार. कुणी काही समजावलं नव्हतं. पुढचा हलला की मागच्याला हलावंच लागतं, हे त्यांच्या हाताला कळत होतं.

"अठरा!" एक मुलगी ओरडली.

मी लगेच तिला पकडलं. "सातापेक्षा अठरा मोठे कसे आले गं भागून?"

ती म्हणाली, "पाव किलोच्या पुड्या केल्या तर धा किलोच्या चाळीस व्हत्यात की! पुडी बारकी, म्हंजी पुड्या जास्त."

मी शोधत होते त्यातली पहिली चूक निघाली नाही.

मग ते शून्य. उत्तराची तिसरी रांग समोर असते, फळ्याखाली. तिथं प्रत्येक घरात एक मूल आधीच उभं असतं, रिकाम्या हातानं. वाटणी करत करत त्याच्या घराशी आलं आणि भाग गेला, तर त्याला आकडा मिळतो. भाग गेला नाही तर त्याला काही मिळत नाही, पण त्यानं घर सोडायचं नाही. त्यानं छाती पुढं काढून ओरडायचं, "काय न्हाई, पण मी हाय!" त्या दिवशी शून्य झालेला पोरगा इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. सगळ्यांना शून्य व्हायचं होतं. माझ्या वर्गात शून्य मिळणं म्हणजे अपमान, इथं त्याच्यासाठी भांडणं.

"गुरुजी," मी शेवटचं हत्यार काढलं, "यात दोन गट आहेत. एक हरतो. मुलांच्या मनावर काय परिणाम होत असेल?"

ते हसले. "हरलेल्या गटानं जिंकलेल्यांचं गणित तपासायचं असतंय. गुणून बघायचं. चूक घावली तर जिंकलेलं फिरतंय. हरलेलीच जास्त गुणाकार करत्यात मॅडम, चूक धरायच्या नादानं."

मी परत जायला निघाले. नऊ वर्षं ज्या तत्त्वासाठी मी सहकाऱ्यांशी वाद घातले, त्याचा तोडगा या माणसानं काढून ठेवला होता आणि त्याला ते तत्त्व आहे हेही माहीत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. राग हा सभ्य शब्द झाला. मी त्यांच्यावर जळले.

त्यांनी चहाला थांबवलं. चहा घेताना मी विचारलं, हे सुचलं कसं. त्यांची थोडी शेवंती आहे. एकदा पोत्यात विद्राव्य खत उरलं होतं, सहा किलो तीनशे ग्रॅम. सहा वाफ्यांना सारखं द्यायचं. पोत्याच्या कडेवरच गणित केलं, ६.३ भागिले ६, आणि लिहिलं १.५.

"दीड दीड किलो देत गेलो. चार वाफ्यातच खत संपाय आलं. पाचव्याला चिमूटभर, सहाव्याला काय न्हाई. तिथं उभा राहून परत गणित केलं. एक पूर्णांक शून्य पाच! रोपं कवळी व्हती, चार वाफ्यांची पानं कडंनं करपली. मंडळी म्हणली, शाळेत काय शिकवता मग? त्या दिवसापास्नं म्हणलं, शून्याला उभं करायचं. दिसाय पायजे, ऐकू याय पायजे."

मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. कासरा, वीट, घरं, आरोळी, तपासणी. ते म्हणाले, "घ्या, घ्या लिहून. पोरांना शिकवा."

मी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या तेवीस मुलांपैकी शून्य गाळणारं एकच उरलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण रोज संध्याकाळी कासरा गुंडाळताना मला वाटायचं, हे मला का सुचलं नाही? मी पुस्तकं वाचते, मी प्रशिक्षणांना पहिल्या रांगेत बसते, टिपणं काढते. आणि हे सुचलं कुणाला, तर खताच्या पोत्यावर चुकलेल्या माणसाला.

महिन्याची शिक्षण परिषद आमच्याच शाळेत होती. आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांतले, सगळे शिक्षक आले. मुलांनी खेळ करून दाखवला, आरोळी ठोकली, टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांनी मनापासून विचारलं, "मॅडम, अफलातून! ही कल्पना कशी सुचली?"

उत्तर चार शब्दांचं होतं. खुटबावच्या शेलार गुरुजींची आहे. मी म्हणाले, "वर्गाचं निरीक्षण करता करता सुचत गेलं."

ते वाक्य कुणी मला शिकवलं नव्हतं. तयार होऊनच बाहेर आलं. पल्लवी दारात कासरा हातात घेऊन उभी होती. तिनं मान तिरकी केली आणि माझ्या गळ्याकडं बघितलं.

माझ्या वडिलांच्या बहुतेक प्रत्येक पत्रकात एक वाक्य असायचं: घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे आम्ही चालू देणार नाही. लहानपणी घड्या घालता घालता ते मला पाठ झालं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर परिषदेचं कौतुक सांगितलं. ते म्हणाले, "शाबास." ती शाबासकीही मी ठेवून घेतली.

पुढं सगळं आपोआप होत गेलं, असं म्हणायची सोय आहे. ते खरं नाही. प्रत्येक वेळी मी सही केली आहे. तालुक्यानं शिक्षकांच्या उपक्रमांची एक पुस्तिका काढली, 'गणित हसत खेळत' नावाची. त्यात बाराव्या पानावर 'कासऱ्याचा भागाकार' आहे, मजकुराखाली माझं नाव, शेजारी माझा फोटो. पुस्तिका शाळाशाळांत गेली, शेजारच्या तालुक्यांतही गेली. मग मला सुलभक म्हणून दौंडला बोलावलं. सुलभक म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. मी नवी साडी नेसून गेले.

दौंडच्या त्या हॉलमध्ये साठेक शिक्षक होते. मी फरशीवर खडूनं घरं आखली, वीट ठेवली, कासरा काढला. गणित घेतलं, ४.२ भागिले ०.४. उत्तर १०.५, म्हणजे त्यात सरकणंही आलं आणि शून्यही आलं. आकडे व्हायला माणसं पुढं आली, पाट्या अडकवल्या. शून्याच्या घरात उभं राहायला कुणी येईना. मोठी माणसं लाजतात.

"कुणीतरी या की, सर. शून्य कोण होणार?"

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मी हुतो की."

शेलार गुरुजी. कानावर खडू होताच. ते मला दिसले कसे नाहीत, हे मला अजून कळत नाही. बहुधा मी प्रेक्षकांकडं बघतच नव्हते, माझ्याकडं बघणाऱ्यांकडं बघत होते. ते हळूहळू पुढं आले आणि उत्तराच्या रांगेत मधल्या घरात उभे राहिले. मी कासरा लोकांच्या हातात दिला, पण तो ताणून घ्यायला विसरले. चार उडी मारून पुढं सरकला, मागचे दोघं जागच्या जागी राहिले. ४.२ भागिले ४. मी यंत्रासारखी म्हणाले, "बरोबर."

"मॅडम," गुरुजी हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल इतकं, "कासरा ढिला हाय."

मी ताणला. बेचाळीस झाले. चार एके चार, पहिल्या घराला एक मिळाला. दोनात चार जात नाहीत. सगळा हॉल शून्याकडं बघायला लागला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं छाती पुढं काढली आणि माझ्या आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यांत मोठ्या आवाजात आरोळी ठोकली:

"काय न्हाई, पण मी हाय!"

हॉल हसून हसून आडवा झाला. टाळ्या वाजतच राहिल्या. एका तरुण शिक्षकानं विचारलं, "सर, तुम्हाला आधीच माहीत होता का हा खेळ?"

"व्हय," गुरुजी म्हणाले, "ऐकून हुतो."

साठ माणसांसमोर मला बोलायला जागा होती. त्यांनी स्वतःहून ती करून दिली होती, असं मला आज वाटतं. कदाचित तसं नसेलही, त्यांना फक्त आरोळी ठोकायची असेल. मी म्हणाले, "चला, पुढचं उदाहरण घेऊ."

चहाच्या वेळी ते निघून गेले होते.

यंदा गणपतीच्या आठवडाभर आधी पल्लवी पुस्तिका घेऊन टेबलाशी आली. बारावं पान उघडं होतं. "मॅडम, हितं तुमचं नाव कसं काय?"

मी म्हणाले, "छापणाऱ्यांनी घातलं."

"मामाच्या शाळेत साहेब आलं व्हतं तपासायला. गुरुजींनी खेळ घेतला. साहेब म्हणलं, ह्यो तर पुस्तकातला हाय, शिरूरच्या मॅडमचा. तुमचं सोताचं काय हाय का? मामाच्या दाद्यानं सांगितलं. त्यो तिथंच बसलेला." तिनं मान तिरकी केली. "पोरं आता गुरुजींना इचारत्यात, तुम्ही नक्कल केली व्हय म्हणून."

हे सांगताना तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी पुस्तिका मिटली आणि तिला जागेवर जायला सांगितलं, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा भीमा ओलांडली.

गुरुजी शेवंतीत होते, फुलं तोडत. मी बांधावर उभी राहून सगळं बोलले. शिक्षण परिषदेतलं वाक्य, पुस्तिका, दौंड. मध्ये त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "पाटी धरा जरा." मी फुलांची पाटी धरली.

"तुम्ही दौंडला का नाही बोललात, गुरुजी? उठून सांगायचं होतं."

"काय सांगायचं? साठ शाळांतनी पोरं शून्य घालाय लागली. वाईट काय झालं?"

"पण साहेबांनी तुमच्या शेऱ्यात..."

"शेऱ्याचं मला काय न्हाई. मे महिन्यात घरी बसायचंय." त्यांनी मूठभर फुलं पाटीत टाकली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पर पोरं इचारत्यात मॅडम. रोज माझ्या म्होरं बसणारी पोरं. गुरुजी, तुम्ही कॉपी केली का? आम्हाला तर म्हणता कॉपी करू नका. आता मी म्हणलं, माझाच हाय खेळ, तर पुस्तकात फोटू कुणाचा हाय? छापलेलं खरं का माझं खरं? पोरं छापलेल्याला मानत्यात. आपणच शिकवलंय त्यांना तसं."

पाटी जड होती.

"तुम्ही चांगल्या शिकवता," ते म्हणाले. "पल्लीचं अक्षर बघूनच म्हणलं हुतं मी. मग ह्यो एक खेळ कशाला पायजे हुता तुम्हाला?"

मी तिथं खरं उत्तर दिलं नाही, इथं देते. मला खेळ नको होता, गुरुजी. 'लय भारी शिकवत्यात' म्हणताना पल्लवीचे जे डोळे झाले होते, ते मला हवे होते. ते मला अजून मिळालेले नाहीत. आणि आज मी हे सगळं कबूल करते आहे तरी माझा हेवा संपलेला नाही. दौंडच्या हॉलमध्ये स्वतःच्या खेळात परक्यासारखं शून्य होऊन उभं राहणं मला कधीच जमलं नसतं, आणि ते त्यांना जमलं, याचाही मला हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं. पल्लवी ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "मग आता मामाच्या शाळेतल्या पोरांना कोण सांगणार?" केंद्रप्रमुखांना पत्र दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि नोंद घेतो म्हणाले. पुस्तिका काढणाऱ्यांकडं गेले तर ते म्हणाले, प्रती वाटून झाल्या, आता परत छापता येत नाही, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा गुरुजींच्या समोर बसलेली आजची मुलं हायस्कूलला गेलेली असतील.

म्हणून हा लेख. तो वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, शिक्षकांची मुलं असतील, शिरूर-दौंडच्या शाळांत जाणारी नातवंडं असलेले आजीआजोबा असतील. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या शाळेत, कपाटात नाहीतर टेबलावर, ती पुस्तिका आहे.

ती काढा. बारावं पान उघडा. माझ्या नावावर पेनानं एक सरळ रेघ मारा, फोटोवरही मारा, संकोच करू नका. त्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहा: शेलार गुरुजी, खुटबाव. मग त्या पानाचा फोटो काढून तुमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाका, म्हणजे तो त्यांच्या शाळेपर्यंत पोचेल आणि त्या मुलांना दिसेल. हे मे महिन्याच्या आधी करा.